डोक्यावरच्या तारा आणि पालकाचा रस

“आम्ही चातुर्मासात कांदासुद्धा शिवत नाही गं. आमच्या घरात हे यायला वाटच नाही.”

काकू हे मला सांगत नव्हत्या. ईईजीच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्या फोनवर आपल्या बहिणीशी बोलत होत्या. त्यांचा मुलगा प्रसाद पलंगावर आडवा होता आणि मी कंगव्याच्या टोकदार शेपटीने त्याच्या केसांत भांग पाडत होते.

“हो, एमआरआयमध्ये दिसली. किड्याची गाठ. डुकराच्या मांसातून येतो म्हणे तो किडा. डॉक्टर असं नाही म्हणाले, मीच मोबाइलवर वाचलं. आता आपल्यात कोण खातं ते? तेच तर म्हणतेय मी. सून आणलीय ना तिकडची! मी ठरवलंय, आता तिला माहेरीच ठेवायची. कायमची म्हणालीस तरी माझी ना नाही.”

“आई,” प्रसाद डोळे न उघडता म्हणाला, “ती बाहेरच बसलीय. दार उघडं आहे.”

“असू दे उघडं. खोटं बोलतेय का मी?”

मी उठले आणि “एसी लावते” असं पुटपुटत दार लोटून घेतलं. फटीतून बाकावर बसलेली त्याची बायको दिसली. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, नजर समोरच्या पाण्याच्या कूलरवर. मी परत येऊन पुढचा भांग पाडला. माझ्या डगल्यावर नावाची पट्टी होती, तिच्यावर फक्त ‘अनिता’ लिहिलेलं. आडनाव नव्हतं. ते असतं, तर काकूंनी फोन तरी बाहेर जाऊन केला असता. कारण मीही तिकडचीच. कोलशेतच्या बाजूला, आता टॉवरांच्या मधे अडकलेल्या आमच्या गावठाणात पाच-पन्नास ख्रिस्ती घरं आहेत, त्यांतलं एक आमचं.

ते क्लिनिक आता बंद झालंय. डॉक्टर निवृत्त झाले, जागा विकली, तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. मी एका मोठ्या हॉस्पिटलात काम करते, जिथे पेशंटच्या डोक्यावर सरळ टोपी चढवतात. टोपीतच सगळ्या तारा असतात. काम झटपट होतं, कोणाच्या केसांना हात लावावा लागत नाही. मला मात्र नौपाड्यातली ती छोटी खोली आठवते. चिकट पेस्टचा तो किंचित खारट वास, पडद्यामागचं बेसिन, आणि दिवसभर अनोळखी माणसांच्या केसांत फिरणारी माझी बोटं. मी बोलायला लाजणारी. लोकांकडे सरळ बघून बोलायचं म्हटलं की शब्द घशात अडकायचे. पण माणूस आडवा आहे, डोळे मिटलेत, आणि आपण त्याच्या डोक्यामागे बसलोय, ही जागा जणू माझ्यासाठीच केलेली होती.

आमचं काम काय असतं ते साध्या शब्दांत सांगते. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी अगदी बारीक विजेच्या भाषेत बोलतात. ती वीज कवटीवरून टिपायची म्हणजे ईईजी. टेपने डोकं मोजायचं, पेन्सिलीने खुणा करायच्या, तिथली त्वचा घासून साफ करायची आणि पेस्ट लावून चांदीच्या छोट्या वाट्या चिकटवायच्या. वाटीला तार, तारेला मशीन. मग पडद्यावर रेघा धावायला लागतात. डोळे मिटले की रेघा संथ लाटांसारख्या होतात, उघडले की विस्कटतात. ज्याला फिट येते, त्याच्या रेघांमध्ये कधीकधी मधेच एक टोकदार सुळका उठतो. तो सुळका ओळखून डॉक्टरांपुढे ठेवायचा. बस. आपण पेशंटला काही सांगायचं नाही. “डॉक्टर सांगतील” हे तीन वर्षांत मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य. माझ्यासारखीला तर तो नियम नव्हता, छत्री होती.

मला हे काम शिकवलं भारतीताईंनी. डोंबिवलीच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, आणि माझ्या अगदी उलट. त्यांचा हात आणि तोंड एकाच वेगाने चालायचं. आमच्याकडे येताना केस धुऊन या, तेल लावू नका, असं चिठ्ठीवर ठळक लिहिलेलं असायचं. तरी कल्याणहून एक आजोबा आले ते डोक्यावर अर्धी वाटी खोबरेल थापून, चापूनचोपून भांग पाडून. डॉक्टरांकडे जायचं म्हणजे नीटनेटकं नको का? भारतीताईंनी त्यांच्या टाळूवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “आजोबा, इथे मला वाट्या चिकटवायच्यायत. तुम्ही तर घसरगुंडीच करून आणलीत.” आजोबा इतके हसले की त्यांचं डोकं धुताना अर्धं पाणी माझ्या अंगावर आलं.

काही पेशंटना रात्रभर जागून यायला सांगावं लागतं, कारण दमलेला मेंदू आपली गुपितं लवकर उघड करतो. कळव्याचं एक कुटुंब असंच आलं. मुलाला जागवायचं म्हणून सगळं घर रात्रभर पत्ते खेळलेलं. सकाळी मी दार उघडून बघते तर बाकावर आई, काका, आत्या एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून घोरतायत आणि पेशंट टक्क जागा, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसलेला. आत येऊन म्हणाला, “मॅडम, झोप कसली येतेय? यांच्याकडे लक्ष कोण देणार?”

आणि एक बाई. नवऱ्याच्या डोक्याला तारा लागल्यावर माझ्या कानाशी येऊन विचारतात, “यांच्या मनात काय चाललंय ते दिसतं का हो यात?” मी गोंधळून तारा चाचपत राहिले. पलीकडून भारतीताई म्हणाल्या, “दिसलं असतं तर हे मशीन आम्ही केव्हाच घरी नेलं असतं!”

त्यांचं हसणं मी आजही खोली रिकामी असली की ऐकते. पण त्या नुसत्या गमत्या नव्हत्या. एकदा एका मुलीला आमच्यासमोरच फिट आली. तिच्या मामाने क्षणात पायातली चप्पल काढली आणि तिच्या नाकाला लावायला धावला. “ती पायात घाला आधी!” असा आवाज भारतीताईंनी काढला की मामा जागच्या जागी थांबला. त्यांनी मुलीला कुशीवर वळवलं, मानेखाली आपला हात दिला, मानेजवळचं बटण सैल केलं आणि शांतपणे घड्याळाकडे बघत बसल्या. फिट थांबली. मग त्याच मामाला शेजारी बसवून सांगितलं, चप्पल नाही, कांदा नाही, तोंडात चमचा तर मुळीच नाही, नुसतं कुशीवर करायचं आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर गाडी बोलवायची. मामाने चप्पल घातली आणि मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. भारतीताई निवृत्त झाल्या आणि ती खोली माझ्या एकटीची झाली. काकू आणि प्रसाद आले ते त्यानंतर.

प्रसाद वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हिशेब बघायचा. लग्नाला पाच महिने झालेले. एका रविवारी डोंबिवलीच्या घरात पोहे खाता खाता त्याचा हात ताठ झाला, बशी पडली, आणि तो खुर्चीवरून खाली आला. “मला काहीच आठवत नाही,” तो मला म्हणाला, “मी पोहे खात होतो आणि मग मी जमिनीवर पडलेलो. मधलं कोणीतरी कापून टाकल्यासारखं.” काकूंना मात्र सगळं आठवत होतं. त्यांचे यजमान तसेच त्यांच्या डोळ्यांसमोर खुर्चीतून कोसळले होते आणि पुन्हा उठले नव्हते. त्यांना वाटलं, हाही गेला.

या आजाराचं नाव लांबलचक आहे आणि ते लक्षात ठेवून काही फायदा नाही. त्याची वाट समजून घ्यायला हवी. मला ती समजली कारण डॉक्टर ती दर आठवड्याला कोणा ना कोणाला समजावून सांगायचे आणि मी फाइल घेऊन तिथेच उभी असायचे. डुकराचं मांस नीट शिजवलं नाही तर त्यातून पट्टकृमी नावाचा जंत माणसाच्या आतड्यात जातो. तो डोक्यात जात नाही, पोटातच राहतो, आणि बहुतेक वेळा त्या माणसाला पत्ताही नसतो. मात्र त्याच्या विष्ठेतून जंताची अंडी बाहेर पडतात. उघड्यावर शौचाला बसलं, गटाराचं पाणी मळ्यात सोडलं, शौचानंतर हात न धुता पीठ मळलं किंवा चटणी वाटली, की ती अंडी मातीत, पाण्यात, पाल्यावर, ताटात. तिथून ती ज्याच्या पोटात जातील, त्याच्या आतड्यात फुटतात, आतल्या अळ्या रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात आणि तिथे पाण्याच्या बुडबुड्यासारखी गाठ होते. म्हणजे मांस एकाने खायचं आणि गाठ भलत्याच्याच डोक्यात. ज्याने जन्मात अंडंही खाल्लं नाही, त्याच्याही. आमच्याकडे असे शाकाहारी कितीतरी यायचे आणि प्रत्येक जण पहिल्यांदा हेच म्हणायचा, “शक्यच नाही.”

आणखी एक गोष्ट. ही गाठ गप्प बसून राहते. महिनोन् महिने, कधी कित्येक वर्षं. आतला जीव मरायला लागला की शरीर त्याच्यावर तुटून पडतं, सूज येते आणि तेव्हा पहिली फिट येते. प्रसादच्या एमआरआयवर बोट ठेवून डॉक्टर काकूंना म्हणाले होते, “ही जुनी आहे. लग्नाच्या बरीच आधीची. कुठून आली ते आता कोणी सांगू शकणार नाही. भेळेवरची कोथिंबीर असेल, कुठल्या हॉटेलातलं सॅलड असेल. औषधाने बरी होईल. घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करून घ्या, कोणाच्या पोटात जंत असेल तर कळेल. मांस नीट शिजवा, पाला नीट धुवा, हात त्याहून नीट धुवा.”

काकूंनी मान हलवली. बाहेर आल्यावर सुनेला म्हणाल्या, “मीरा, तुझी तपासणी करून घे.”

“सगळ्यांची सांगितलीय, आई,” प्रसाद म्हणाला.

“माझी कशाला? माझ्या पोटात डाळभात जातो.”

मीरा हे लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं नाव. तिचं खरं नाव मेलिसा. माहेर कळव्याचं.

मी तेव्हा जे केलं ते आठवून हसू येतं. मी स्वतःचीच तपासणी करून घेतली. ठाण्यात कोणी ओळखीचं भेटेल म्हणून नमुन्याची डबी घेऊन कल्याणच्या लॅबमध्ये गेले. अहवाल स्वच्छ आला. मग घरी आईजवळ हळूच विषय काढला की तूही एकदा करून घेतेस का, नाताळला आपल्याकडे डुकराचं मटण असतं म्हणून विचारते. आई भाकरी थापत होती. तिचा हात हवेत थांबला.

“माज्या हातचं मटान कच्चं रातं?”

“तसं नाही गं.”

“आदल्या दिशीपासून चुलीवर असतं ते. हाडापासून सुटलं नाय तवर मी कोनाला ताट लावत नाय. जा, तुज्या डॉक्टरला जाऊन सांग. नायतर त्यालाच जेवाया बोलव.”

वडील आतल्या खोलीतून म्हणाले, “बोलव, पन बिल घेऊन येल तो.” आईने तपासणी केली नाहीच. मात्र त्या आठवड्यापासून आमच्याकडे कोथिंबिरीची जुडी सुटी करून, पान पान नळाखाली धरून धुतली जाऊ लागली. धुताना आई ऐकू जाईल इतपत पुटपुटायची, “आता पाल्याचापन बाप्तिस्मा करा.”

दुसऱ्या वेळी प्रसाद आला तो दोन-तीन महिन्यांनी. मधे फिट आलेली नव्हती. तिघांच्याही तपासण्या झाल्या होत्या, काकूंचीसुद्धा, कारण डॉक्टरांनी तो कागद दाखवल्याशिवाय पुढे बोलायला नकार दिला होता. कोणाच्याही पोटात काही नव्हतं. मला वाटलं, आता हा विषय संपला. पण तारा लावताना काकू बाहेर औषधाच्या दुकानात गेल्या तेव्हा प्रसादने विचारलं, “मॅडम, आत किडा वळवळतो का हो?”

“डॉक्टर सांगतील,” मी सवयीने म्हणाले. मग त्याने डोळे उघडून मान माझ्याकडे वळवली आणि मी कसंबसं पुढे बोलले, “वळवळत नाही. बुडबुडा असतो फक्त.”

“आई म्हणते, लग्नानंतर मी मेलिसाच्या घरी जेवलो त्याने झालं. मला माहितीय की नाही. पण रोज तेच ऐकलं ना, की मग वाटायला लागतं, काय माहीत. ती आता कळव्यालाच असते. म्हणजे भांडण नाही झालं. आईचं बीपी वाढतं म्हणून.”

मी रेघा सुरू केल्या.

रेकॉर्डिंग झाल्यावर केसांतली पेस्ट कोमट पाण्याने धुवावी लागते, नाहीतर ती वाळून खडे होतात. पेशंटच्या घरचं माणूस ते काम करतं. कळव्याहून आलेली मेलिसा बाह्या सारून बेसिनपाशी उभी राहिली, तोच काकू आल्या, तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि म्हणाल्या, “तू बस. मी करते.” आवाज चढवला नाही, काही लागट बोलल्या नाहीत. फक्त टॉवेल घेतला. मेलिसा पडद्याच्या या बाजूला माझ्याजवळ आली. ती माझ्या पट्टीकडे बघत होती.

“तू कोलशेतची ना?” ती अगदी हळू म्हणाली. “माझ्या मावसबहिणीच्या लग्नात उंबराच्या पाण्याला आलेलीस.”

आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बँड वाजवत विहिरीवरून पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. सगळं गाव नाचतं.

“मला नाही आठवत,” मी म्हणाले.

“मला आठवतं. सगळे नाचत होते आणि तू एकटी कडेला उभी राहून सगळ्यांच्या पर्सा सांभाळत होतीस.” तिला हसू आलं. मग तिने पडद्याकडे बघितलं. नळाचा आवाज चालू होता. “घाबरू नको. मी यांच्यासमोर काही बोलणार नाही. तुझी नोकरी आहे.”

नोकरीला काही धोका नव्हता. डॉक्टरांना माझं आडनाव माहीत होतं, दर नाताळला ते आमच्याकडच्या करंज्या मागून खायचे. धोका कशालाच नव्हता. पण तिने माझ्या वतीने ते ठरवून टाकलं होतं, इतक्या सहज, जणू आपल्या माणसांनी असंच एकमेकांना झाकायचं असतं. त्या दिवशी घरी जाताना रस्ताभर तिचं वाक्य माझ्याबरोबर होतं.

काकू दुष्ट होत्या असं मी म्हणू शकत नाही. त्या दिवशी निघताना त्यांनी पिशवीतून नारळाच्या वड्यांचा डबा काढून माझ्या हातात दिला. “किती हळुवार हात आहे गं तुझा. त्याला जरासुद्धा लागत नाही म्हणतो.” मी प्रमाण मराठी शिकले ती अशाच बायकांकडून. माझी शाळा इंग्रजी माध्यमातली, घरची बोली खाडीकाठची. ‘गं’, ‘बाळा’, ‘जरा बघतेस का’, ‘असू दे हो’ हे सगळं मी त्या खोलीत, पेशंटच्या आया आणि मावश्यांच्या तोंडून वेचलं. इतकं छान वेचलं की त्या मला आपल्यातलीच समजायच्या. ते मला आवडायचं, हे खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या वेळी ते आले ते पावसाळा संपल्यावर. गोळ्या कमी करायच्या की नाही हे ठरवायला डॉक्टरांना नव्या रेघा हव्या होत्या. मेलिसा कळव्याहून परस्पर आली आणि बाहेरच्या बाकावर बसली. तिला आत या म्हणायचं कोणी नव्हतं. प्रसाद बारीक झालेला. मी त्याच्या डोक्याला तारा लावल्या, दिवे मंद केले आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. रेघा सुरेख होत्या. संथ, गोल, एकसारख्या. इतक्या शांत रेघा बघितल्या की मला नेहमी भरतीच्या वेळची खाडी दिसते.

रेकॉर्डिंग चालू असताना बोलायचं नसतं. काकू मात्र स्टूल माझ्याजवळ सरकवून कुजबुजल्या, “बरं वाटतंय ना आता त्याचं?”

“डॉक्टर सांगतील.”

“सांगू देत. मला कळतं. घरचं सगळं बदललंय मी. बाहेरचं बंद, तळलेलं बंद. आणि हे.” त्यांनी पिशवीतून काचेची बाटली काढली. आत गडद हिरवा रस. “पालकाचा आहे, कच्चा. रोज सकाळी अनशापोटी. एकाने पाठवलेलं मोबाइलवर, मेंदूतली सगळी घाण निघून जाते. आज तपासणी म्हणून बरोबर आणलाय, झाली की देईन.”

“पालक कुठून आणता?” मी विचारलं. प्रश्न माझ्याकडून इतका पटकन आला की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

“एक बाई सकाळी पुलाखाली घेऊन बसते. रुळांच्या कडेचा मळा आहे त्यांचा. मुळांसकट, मातीसकट देते. माती आहे म्हणजे ताजा. मी वरच्यावर पाणी मारते आणि मिक्सरला लावते. फार धुतलं की सत्त्व जातं म्हणतात.” त्यांनी बाटलीचं झाकण काढलं आणि बरोबरच्या स्टीलच्या भांड्यात थोडा रस ओतून ते पुढे केलं. “घे, तूही घे दोन घोट. किती वाळलीयस.”

रुळांच्या कडेला कुठलं पाणी वाहतं ते मी रोज बघते. तुम्हीही बघता. हिरवीगार पानं, आणि त्यांच्या शेजारून जाणारा काळा नाला. मी भांडं हातात घेतलं. काठाला बारीक मातीचे कण होते.

काकू माझ्या कानाशी आल्या. “एक काम कर माझं. तू आपल्यातली म्हणून सांगते. आज हा डॉक्टरांना विचारणार आहे की मीराला घरी आणू का. डॉक्टर काय, हो म्हणतील, त्यांचं काय जातंय? तो तुझं ऐकतो. तू डोक्यातलं बघतेस, तुझ्यावर विश्वास आहे त्याचा. त्याला एवढंच सांग की ते तिकडच्या खाण्यातूनच आलंय, ती परत आली तर परत होईल. एवढंच. मला पुन्हा नाही बघवणार गं ते. एकदा बघितलं, दोनदा बघितलं.”

त्यांचे डोळे भरले होते. पडद्यावर प्रसादच्या रेघा अचानक दाट आणि खरखरीत झाल्या. माणूस दात आवळतो तेव्हा कानशिलांचे स्नायू ताणले जातात आणि रेघा तशा होतात. तो जागा होता. त्याने सगळं ऐकलं होतं आणि तोही वाट बघत होता, मी काय सांगते त्याची.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. भांडं टेबलावर ठेवलं. दार उघडलं, पूर्ण, भिंतीला टेकेपर्यंत. बाकावरची मेलिसा दचकून उभी राहिली. मी पलंगाची कड धरली आणि काकूंकडे सरळ बघून म्हणाले:

“काकू, मी ख्रिस्ती आहे. आमच्या घरी नाताळला डुकराचं मटण असतं आणि मी ते लहानपणापासून खाते. चांगलं शिजवलेलं असतं, त्यातून काही होत नाही. यांच्या डोक्यात जे गेलं ते मातीतून, पाण्यातून, न धुतलेल्या पाल्यावरून आणि न धुतलेल्या हातांतून जातं, आणि त्याला कोण काय खातो, कोण कुठल्या देवाचा, हे कळत नाही. हा रस यांना देऊ नका. पालक पान पान धुवा, शिजवा आणि मग द्या, तुम्हीही तसाच खा. तुम्हाला यांच्यासाठी भीती वाटते ते मला कळतं. पण ती गाठ लग्नाच्या आधीपासून तिथे होती, डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. ती औषधाने विरघळेल, काकू. मेलिसाला माहेरी ठेवून नाही विरघळणार.”